गटापर्चा एपेक्सबाहेर का जातो? आधी शेपिंग तपासा

रूट कॅनाल ट्रीटमेंटमध्ये गटापर्चा (कॅनालमध्ये भरायचा रबरासारखा पदार्थ) एपेक्सबाहेर, म्हणजे मुळाच्या टोकाबाहेर गेला की खापर प्लगरच्या (गटापर्चा दाबायच्या अवजाराच्या) दाबावर किंवा सीलरवर (फटी बुजवणाऱ्या सिमेंटवर) फुटतं. बिघाड बहुतेक वेळा त्याआधीच, शेपिंगमध्ये, म्हणजे फाइलने कॅनालला आकार देताना झालेला असतो. रूट कॅनाल तज्ज्ञ हर्बर्ट शिल्डर यांनी १९७४ मध्येच सांगून ठेवलंय: कॅनाल तोंडापासून टोकापर्यंत सलग निमुळता हवा, फोरामेन (मुळाच्या टोकाचं छिद्र) मूळ जागी आणि शक्य तितकं लहान राहायला हवं. मऊ गटापर्चा दाबला की निमुळत्या भिंती त्याला अडवतात, म्हणून तो बाजूच्या फटींत शिरतो. भिंती समांतर असतील, तर तो सरळ खाली घसरतो.

वरचा भाग मोकळा केल्यावर वर्किंग लेंथ (फाइल जिथपर्यंत न्यायची ती लांबी) पुन्हा मोजा. वाकड्या कॅनालमध्ये ती थोडी घटते, आणि जुन्याच लांबीवर फाइल फिरवत राहिलात तर फोरामेन तुम्हीच फाडता. दर फाइलनंतर इरिगेशन करा (कॅनाल द्रावणाने धुवा) आणि १० नंबरची के-फाइल (बारीक हँड फाइल) टोकापर्यंत जाते का बघा.

यानंतर गेजिंग, म्हणजे टोकाची रुंदी मोजणं. ही पायरी सर्रास गाळली जाते, आणि महागात पडते. २५/०.०६ पर्यंत (टोकाशी ०.२५ मिमी, वर दर मिमीला ०.०६ मिमी रुंद, म्हणजे ६ टक्के टेपर) शेप केलंत, तर २ टक्के टेपरची २५ नंबरची हँड फाइल लांबीवर अडायला हवी, ३० नंबरची साधारण ०.८ मिमी आधी आणि ३५ ची १.७ मिमी आधी. ३० नंबरही अलगद लांबीवर पोहोचली, तर टोक तुम्ही समजता त्यापेक्षा मोठं आहे. अशा वेळी २५ चा कोन (गटापर्चाची निमुळती कांडी) घालू नका. शेप वाढवा, पुन्हा मोजा.

प्लगर कोरड्या कॅनालमध्येच बसवून पाहा. ०.५ मिमीचा प्लगर २५/०.०६ मध्ये टोकापासून सुमारे ४ मिमीवर अडतो, २५/०.०४ मध्ये मात्र सव्वासहा मिमीवरच. वॉर्म व्हर्टिकलसाठी (गटापर्चा तापवून खाली दाबायच्या पद्धतीसाठी) तो ४ ते ५ मिमीपर्यंत जायला हवा, नाहीतर शेवटचा गटापर्चा मऊच होत नाही. म्हणून प्रत्येक मुळात ६ टक्के कापायचं असंही नाही. खालच्या मोलरच्या मेझियल मुळाची आतली, फर्केशनकडची (मुळं जिथे फुटतात तिकडची) भिंत पातळ असते. तिथे ४ टक्के आणि बायोसिरॅमिक सीलरसोबत एकच कोन हा शहाणपणाचा मार्ग.

मास्टर कोनचा (मुख्य कोनचा) टग-बॅक, म्हणजे मागे ओढताना लागणारी पकड, टोकाशीच जाणवायला हवा. कोन मधेच अडकला तरी हाताला तसाच टग-बॅक लागतो, पण एपेक्सशी तो सैल असतो. एक्स-रे काढून खात्री करा. वॉर्म व्हर्टिकलमध्ये कोन लांबीपेक्षा अर्धा मिमी कमी ठेवा, कारण तापल्यावर तो पुढे सरकतो. सीलरचा पातळ थर पुरतो. कोन हळू घाला. घट्ट कोन झटक्यात ढकलला तर तो पिस्टनसारखा सीलर बाहेर रेटतो. खालच्या सेकंड मोलरमध्ये इन्फिरिअर अल्व्हिओलर नर्व्ह (खालच्या जबड्यातली नस) अगदी जवळ असू शकते, तिथे घाई नकोच.

फोरामेन आधीच फाटून उलट्या फनेलसारखं झालं असेल, तर उष्णता आणि दाब वापरू नका. आधी एमटीएचा (घट्ट होणाऱ्या डेंटल सिमेंटचा) ४ मिमीचा प्लग द्या आणि तो घट्ट झाल्यावर वरचा भाग भरा.