बोटीवर कार्बन मोनॉक्साइडपासून कसे सावध राहावे

गंगापूर धरणाच्या जलाशयात बोटिंगला जाणारे नाशिककर लाइफ जॅकेट मागून घेतात. इंजिनाचा धूर कोणत्या बाजूने बाहेर पडतो, हे मात्र क्वचितच कोणी पाहतो. बोटीत पाय ठेवण्यापूर्वी ते पाहून धुराच्या तोंडापासून शक्य तितकी दूरची जागा घ्यावी, आणि मुलांना तर तिथे मुळीच बसवू नये. पेट्रोल इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 हून अधिक पट घट्ट चिकटतो.

उघड्या पाण्यावर वायू साचणारच नाही, हा समज सर्वांत घातक आहे. बोट चालू लागली की तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि मागे सोडलेला धूर उलटून आत ओढला जातो. वारा पाठीमागचा असल्यास हे अधिकच घडते. हिवाळ्यात थंडी वाजते म्हणून बाजूचे पडदे सोडून फक्त मागची बाजू उघडी ठेवणे म्हणजे धुराला आत बोलावणेच होय, म्हणून पुढून हवा येण्याची वाट नेहमी मोकळी ठेवावी.

इंजिन किंवा जनरेटर चालू असताना मागच्या फळीवर बसू नये, शिडीला धरून पाण्यात उतरू नये. तेथे काही श्वासांतच शुद्ध हरपू शकते, आणि पाण्यात शुद्ध हरपलेला माणूस बुडतो. दुसऱ्या बोटीचे इंजिन चालू असेल तर निदान 20 फूट अंतर राखावे. बंदिस्त केबिन असलेल्या बोटीच्या मालकाने बोटींसाठीच बनवलेला डिटेक्टर, म्हणजे हा वायू हेरून इशारा देणारे यंत्र, बसवावा. घरगुती यंत्र ओल आणि हादरे सोसण्यासाठी बनवलेले नसते.

डोकेदुखी, चक्कर, मळमळ ही लक्षणे दिसली की बोट लागली असे म्हणून लिंबू चोखायला दिले जाते. एकाच वेळी दोघातिघांचे डोके दुखू लागले, तर मात्र संशय धुरावरच घ्यावा. रुग्णाला मोकळ्या हवेत, धुरापासून दूर न्यावे, किनारा गाठून 108 वर रुग्णवाहिका बोलवावी आणि डॉक्टरांना धुराची शंका स्पष्ट सांगावी. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये, कारण कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले रक्त त्याला प्राणवायूयुक्तच वाटते. साध्या हवेत या वायूचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे 4 ते 5 तास लागतात, तर मास्कद्वारे शुद्ध प्राणवायू दिल्यास साधारण तास-दीड तास पुरतो.