मॉनिटर नसलेल्या घरच्या लिनक्स पीसीला स्वस्तात सिरीयल कन्सोल कसा लावायचा

बऱ्याच घरांत आता एक जुना डेस्कटॉप कुठंतरी माळ्यावर नाहीतर टीव्हीच्या मागं पडलेला असतो, रिफर्बिश्ड घेतलेला, त्यावर डेबियन किंवा उबुंटू, फोटोंचा बॅकअप, जेलीफिन (सिनेमे-गाणी दाखवणारा सर्व्हर) वगैरे चालू, मॉनिटर-कीबोर्ड काढून टाकलेले आणि सगळा कारभार एसएसएचवर (नेटवर्कवरून दुरून कमांड द्यायची सोय). पण एसएसएच मिळतं ते मशीन नीट बूट होऊन नेटवर्क लागल्यावर, आणि घोटाळे होतात ते त्याच्या आधी. लाईट गेल्यावर डिस्क चेक अडकतो, नवा कर्नल (लिनक्सचा गाभा) उठत नाही, नेटवर्कच्या फाईलमध्ये एक आकडा चुकतो, किंवा डिस्क एन्क्रिप्ट केलेली असते आणि मशीन पासवर्डची वाट बघत तासन्‌तास तसंच बसून राहतं. तुम्ही पुण्यात आणि मशीन सांगलीला असेल तर घरच्यांना फोनवरून “काळ्या पडद्यावर काय लिहिलंय ते वाचून दाखवा” म्हणायचं, तर पडदाही नाही.

मोठ्या सर्व्हरमध्ये यासाठी वेगळी सोय असते, डेलमध्ये आयड्रॅक, एचपीमध्ये आयएलओ. घरच्या पीसीला बाहेरून व्हिडिओ-कीबोर्ड पकडणारे पायकेव्हीएमसारखे डबे मिळतात, चांगले असतात, पण लिनक्सला मुळात पडदा लागतच नाही, त्याला अक्षरं पुरतात, आणि अक्षरं न्यायला तीन वायरींचा सिरीयल पोर्ट पुरतो; त्या पोर्टवर बूटचे मेसेज आणि लॉगिन मिळणं म्हणजेच सिरीयल कन्सोल. माझं स्पष्ट मत आहे की आधी हे करा, व्हिडिओवाला डबा नंतर वाटलं तर घ्या.

एक गोष्ट मात्र खरेदीआधी बघून घ्या. ऑफिसातून आलेल्या पीसीवर इंटेल व्हीप्रोचा स्टिकर असेल तर बायोसमध्ये एएमटी ही दुरून ताबा घ्यायची सोय असण्याची शक्यता आहे, त्यात दुरून चालू-बंद आणि नेटवर्कवरून सिरीयल दोन्ही मिळतं, मग पुढचं सामान कदाचित लागणारच नाही.

काय सामान लागतं

पीसीच्या मागं ९ पिनांचा डी आकाराचा पोर्ट आहे का बघा, ऑप्टिप्लेक्स, थिंकसेंटर असल्या ऑफिसच्या मशीनवर बऱ्याचदा असतो. नसेल तर कॅबिनेट उघडून मदरबोर्डवर कॉम किंवा कॉम१ लिहिलेला हेडर शोधा, पाच-पाच पिनांच्या दोन ओळी आणि त्यातली एक पिन गायब. त्याला ब्रॅकेटवाली केबल लागते आणि इथंच लोक फसतात, कारण ही केबल दोन प्रकारची येते आणि दिसायला दोन्ही सारख्याच. एका प्रकारात हेडरची २ नंबरची पिन पोर्टच्या २ नंबरला जाते, दुसऱ्यात ती ६ नंबरला जाते. बोर्डाचं मॅन्युअल उघडून मल्टिमीटरच्या बीपनं तपासून घ्या, नाहीतर सेटिंग सगळं बरोबर असूनही एक अक्षर दिसणार नाही आणि तुम्ही दिवसभर ग्रबला, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या बूटलोडरला, दोष देत बसाल.

दुसऱ्या टोकाला एक छोटं, कायम चालू राहणारं मशीन हवं. रास्पबेरी पाय झीरो डब्ल्यू, कपाटात पडलेला जुना पाय, यूएसबी असलेला ओपनडब्ल्यूआरटीचा (राउटरवरच्या लिनक्सचा) राउटर, काहीही चालेल. त्याला यूएसबी ते आरएस-२३२ (पीसीच्या सिरीयल पोर्टचं मानक) केबल लावा, आत एफटीडीआय, प्रोलिफिक किंवा सीएच३४० अशी चिप असते, लिनक्सला तिन्ही चालतात. मध्ये नल-मोडेम केबल (पाठवणारी आणि घेणारी तार उलटसुलट जोडलेली), दोन्हीकडं फीमेल, साधी सरळ केबल नाही. ती घरीही बनते: दोन फीमेल कनेक्टर घ्या, जुन्या लॅन केबलमधल्या तीन तारा घ्या, २ ची ३ ला, ३ ची २ ला आणि ५ ची ५ ला जोडा, झालं. सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत शोधा, नाहीतर ऑनलाइन आहेच.

आता जरा जपून. पायच्या पिनांवरही सिरीयल असतं पण ते ३.३ व्होल्टचं, आणि पीसीचा आरएस-२३२ पोर्ट उणे-अधिक १२ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. दोन्ही थेट जोडलं तर पाय जळेल. पिनाच वापरायच्या असतील तर मध्ये मॅक्स३२३२ चं व्होल्टेज बदलणारं मॉड्यूल लावा. मी तरी नवशिक्याला यूएसबी केबलच सांगेन.

केबल आली की पीसीला लावायच्या आधी तिची एकटीची परीक्षा घ्या: तिच्या पोर्टमधल्या २ आणि ३ नंबरच्या पिना एका तारेनं जोडा, पायवर पिकोकॉम (सिरीयल पोर्टशी बोलणारा प्रोग्रॅम) उघडा आणि टाइप करा. टाइप केलेलं परत दिसलं तर केबल आणि ड्रायव्हर दोन्ही ठणठणीत.

पीसीवरची सेटिंग

मॉनिटर शेवटचा एकदा लावा आणि बायोसमध्ये जा. सिरीयल पोर्ट चालू करा, पत्ता ३एफ८ ठेवा, म्हणजे लिनक्समध्ये तो टीटीवायएस० होतो. वीज परत आल्यावर मशीन आपोआप चालू होईल अशी सेटिंग करा, आणि कीबोर्ड नसला तरी बूट थांबू नये हेही बघा. घरगुती बोर्डाचा बायोस स्वतः सहसा सिरीयलवर दिसत नाही, कन्सोल आपल्याला ग्रबपासून पुढं मिळणार, त्यामुळं हे आताच आटपून घ्या. मशीन जुनं असेल तर सीआर२०३२ सेलही बदलून टाका, तो मेला की ही सेटिंग उडू शकते.

मग एटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरातली ग्रब फाईल उघडा (मी देवनागरीत लिहितोय, तुम्ही अर्थात इंग्रजी अक्षरांत टाइप करा). तीन ठिकाणी हात लावायचा. ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स च्या अवतरणात “कन्सोल=टीटीवाय० कन्सोल=टीटीवायएस०,११५२००एन८”. ग्रब_टर्मिनल मध्ये “कन्सोल सिरीयल”. आणि ग्रब_सिरीयल_कमांड मध्ये “सिरीयल --युनिट=० --स्पीड=११५२००”. क्वाएट आणि स्प्लॅश हे दोन शब्द दिसले तर काढून टाका, आपल्याला बूटचे सगळे मेसेज बघायचेत. मग अपडेट-ग्रब चालवा.

कन्सोलांचा क्रम महत्त्वाचा आहे, जो शेवटी लिहिलाय तोच मुख्य धरला जातो, म्हणून सिरीयल शेवटी, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कचा पासवर्डही तिथंच विचारला जाईल. लॉगिन प्रॉम्प्टसाठी वेगळं काही करायला नको, सिस्टमडी, म्हणजे बूट होताना सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम, ही कन्सोलची ओळ बघून तो स्वतःच उघडतो.

डेबियन टाकताना रूटचा (सगळे अधिकार असलेल्या युजरचा) पासवर्ड रिकामा सोडला असेल तर आणखी एक नक्की करा, रूटला पासवर्ड द्या. डिस्क माउंट झाली नाही की सिस्टम इमर्जन्सी मोडमध्ये जाते, तिथं रूटचा पासवर्ड मागते, आणि अशा वेळी रूट लॉक असतो, म्हणजे कन्सोल समोर असूनही आत जाता येत नाही. त्याच हिशेबानं एफस्टॅबमधल्या (बूटला माउंट करायच्या डिस्कांची यादी) बाहेरच्या यूएसबी डिस्कच्या ओळीत नोफेल लिहा, डिस्क नसली तरी बूट अडणार नाही.

बोर्डावर कॉम हेडरच नसेल तर पीसीलाही यूएसबी-सिरीयल लावून त्यावर लॉगिन उघडता येतं, पण ग्रब आणि सुरुवातीचे मेसेज दिसणार नाहीत, म्हणजे अर्धीच सोय.

पायवरचं काम

तुमचा युजर डायलआउट ग्रुपात घाला (सिरीयल पोर्ट वापरायची परवानगी), टीमक्सच्या (कनेक्शन तुटलं तरी चालू राहणारं टर्मिनल) आत पिकोकॉम ११५२०० स्पीडनं उघडा आणि तो कायम चालूच ठेवा, लॉगफाइलच्या ऑप्शनसकट. कर्नल पॅनिक झाला, म्हणजे कर्नलच कोसळला, तर त्याच्या शेवटच्या ओळी पीसीच्या डिस्कवर बहुतेक पोचत नाहीत, पण पायवरच्या फाईलमध्ये सापडतात, आणि कारण शोधायला त्याच लागतात.

मशीन हँग झालं तर सिरीयलवरून ब्रेक (सिरीयलचा एक खास सिग्नल) पाठवता येतो, पिकोकॉममध्ये कंट्रोल-ए मग कंट्रोल-बॅकस्लॅश. ब्रेक आणि लगेच एस, परत ब्रेक आणि यू, परत ब्रेक आणि बी: डेटा डिस्कवर जातो, डिस्क रीड-ओन्ली होते, मशीन रिस्टार्ट. उबुंटूच्या मूळ सेटिंगमध्ये या तीन अक्षरांना परवानगी असते.

यानंही हललं नाही तर वीजच तोडावी लागते. स्मार्ट प्लग चालेल. सोल्डरिंग येत असेल तर त्याहून बरं म्हणजे पायच्या पिनवरून ३३० ओहमचा रेझिस्टर आणि पीसी८१७ ऑप्टोकपलर (प्रकाशानं चालणारा छोटा स्विच) घेऊन पॉवर बटणाच्या दोन पिनांवर लावणं, मग दुरूनच बटण दाबता येतं, पाचेक सेकंद धरलं की जबरदस्तीनं बंद. ऑप्टोकपलरला प्लस-मायनस असतं, उलटा लावला तर काहीच होणार नाही.

बाहेरगावाहून आत यायला पोर्ट फॉरवर्डिंगच्या मागं लागू नका, आपल्याकडं घरगुती इंटरनेटला बऱ्याचदा स्वतंत्र पब्लिक आयपी मिळतच नाही. पायवर टेलस्केल टाका किंवा वायरगार्ड (दुरून खासगी जोडणी देणारे व्हीपीएन), आणि ते पायवरच, पीसीवरून फिरवून नाही, कारण पीसी पडल्यावरच तर हे लागणार. पायचा चार्जर राउटरच्या छोट्या यूपीएसवर लावा.

सगळं जोडून झालं की घरी असतानाच पीसीची लॅन केबल काढा, मोबाईल डेटावरून पायवर जा, सिरीयलवर लॉगिन करा, रिबूट द्या आणि ग्रबच्या मेनूतून जुना कर्नल निवडून बघा. एवढं जमलं तर मशीन माळ्यावर ठेवा.

आणि काम संपल्यावर एक्झिट टाइप करूनच बाहेर पडा. तीन तारांच्या केबलमध्ये तुम्ही गेलात हे पीसीला कळत नाही, रूटचं सेशन तसंच उघडं राहतं आणि पुढं जो कोणी त्या टीमक्समध्ये येईल त्याला ते मिळतं. रूटच्या बॅशआरसीमध्ये टीएमआउट=६०० लिहून ठेवलं की दहा मिनिटं काही टाइप झालं नाही तर सेशन आपोआप बंद होतं.