बेने इस्राएल मुलांना धर्म शिकवताना या चुका टाळा

आम्हा बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, रविवारच्या धर्मवर्गात मी बरीच वर्षं शिकवतेय. नवे शिक्षक हौसेने येतात आणि त्याच त्याच चुका करतात. त्यातली एक मी स्वतःही केली आहे.

हिब्रू प्रार्थना देवनागरीत लिहून देऊ नका. "आधी पाठ होऊ दे, अक्षरं मागाहून बघू" म्हणतात. ती मागाहून कधीच येत नाहीत. आमच्या वर्गातल्या एका मुलाची बार मित्झवा होती, म्हणजे धर्माची जबाबदारी घेऊन सगळ्यांसमोर तोरा वाचायचा दिवस. तेरा वर्षांचा, गोड आवाजाचा. पालकांना घाई होती, मीही मान डोलावली. सहा महिने त्याने देवनागरी कागद आणि मोबाइलमधलं रेकॉर्डिंग यांवरच तयारी केली. त्या दिवशी सेफर तोरा, म्हणजे हाताने लिहिलेली धर्मग्रंथाची गुंडाळी, उघडली. तिच्यात स्वरांच्या खुणा नसतात, नुसती अक्षरं. मधेच एक शब्द निसटला आणि पुढचं सगळंच गेलं. आपण कुठल्या ओळीवर आहोत तेही त्याला कळेना. प्रार्थना चालवणाऱ्या हज्जानांनी शेजारून एकेक शब्द सांगत पुरं करवून घेतलं. नंतर तो पोरगा मागच्या बाकावर तालीतमध्ये, प्रार्थनेच्या शालीत, तोंड लपवून बसला. ते मला अजून दिसतं.

तेव्हापासून एका रविवारी एकच अक्षर. बावीस अक्षरं, बावीस रविवार. ज्यांना थांबवत नाही त्यांनी दुसरा वर्ग शोधावा. देव एक आहे असं सांगणाऱ्या 'शेमा' प्रार्थनेच्या पहिल्या ओळीतला शेवटचा शब्द 'एहाद', म्हणजे एक. त्याचं शेवटचं अक्षर दालेत तोरेत मुद्दाम मोठं लिहितात. त्याचा कोपरा गोल झाला की ते रेश हे वेगळंच अक्षर दिसतं आणि 'एक'चा 'अहेर', म्हणजे 'दुसरा', होतो. मुलं पाटीवर तो टोकदार कोपरा गिरवतात. एकदा गिरवला की विसरत नाहीत.

दुसरी चूक मला जास्त लागते: परदेशी पुस्तक पुढ्यात ठेवून घरचं सगळं बाजूला सारणं. रोश हशानाला, आपल्या नववर्षाला, सफरचंद आणि मध शिकवा, पण आजीने नारळाच्या दुधात घोटलेला गव्हाच्या चिकाचा हलवा का विसरता? तिशा बआवला, म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दुःखाच्या उपवासाला, आपल्याकडे बिरड्याचा रोजा म्हणतात, हे मुलांना वर्गात कळायला हवं. एका मुलीने मला विचारलं होतं, "टीचर, पुस्तकात मलिदा नाही. मग आमच्या घरी चुकीचं करतात का?" त्या आठवड्यात मी धडा बंद केला. पोहे भिजवले, खोबरं खवलं, गूळ चिरला, फळं मांडली आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलियाहू संदेष्ट्याचं, नाव घेऊन मुलांकडूनच मलिदा करवला. अलिबागजवळच्या खंडाळ्याचा खडकही दाखवून आणावा. एलियाहूच्या रथाची खूण तिथे उमटली अशी आपली श्रद्धा आहे.

नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेलं आपल्या पूर्वजांचं जहाज, वाचलेले सात पुरुष आणि सात बायका ही परंपरेने आलेली कथा आहे. तशीच सांगा, तारखा ठोकू नका. पण शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून कोकणात आपल्याला 'शनिवार तेली' म्हणत, हे जरूर सांगा. शब्बाथ, आपला शनिवारचा विसाव्याचा दिवस, काय असतो ते मुलांना त्या बंद घाण्यावरून लगेच कळतं.

शब्बाथला कात्री-गोंदाचे उपक्रम ठेवू नका. त्सेदाकाच्या, म्हणजे दानाच्या, डब्यात आईने दिलेलं नाणं नको, स्वतःच्या खाऊच्या पैशातलं असू दे.

आणि पेसाहला, मिसरमधून सुटकेच्या सणाला, सगळ्यात धाकट्याने ठरलेले प्रश्न विचारले की लगेच उत्तर देऊ नका. माझ्या वर्गात तेव्हा सगळे गप्प बसतात, आणि बहुतेक वेळा दुसरंच कुठलं तरी पोर आपला प्रश्न काढतं.