न्यूट्रॉन ताऱ्यात क्वार्क द्रव्य कुठे सुरू होतं, ते कसं काढायचं

अणुकेंद्रात दर घनफर्मीला (फर्मी म्हणजे १०⁻¹⁵ मीटर) ०.१६ बॅरिऑन (इथे प्रोटॉन-न्यूट्रॉन) असतात, म्हणजे घनसेंटिमीटरला साधारण २७ कोटी टन. न्यूट्रॉन ताऱ्याच्या गाभ्यात घनता याच्या कित्येक पट असते आणि तिथे न्यूक्लिऑन, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन, फुटून त्यांचे घटक क्वार्क मोकळे होऊ शकतात. लॅटिस क्यूसीडी, म्हणजे क्वार्कांमधल्या बलाचं जाळीवर केलेलं संगणकीय गणित, इथे थेट चालत नाही, कारण बॅरिऑन घनता वाढली की गणितातली वजनं धन राहत नाहीत. मुंबईच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मध्ये राजीव गवई आणि सौरेंदु गुप्ता यांनी टेलर विस्ताराने (शून्य घनतेपाशी मांडलेल्या घातश्रेणीने) यातून वाट काढली, पण ती तप्त, विरळ द्रव्यापुरती. ताऱ्यासाठी दोन प्रारूपं जोडावीच लागतात.

न्यूक्लिऑनांसाठी कॉम्पोज या ऑनलाइन संग्रहातला एपीआर किंवा एसएलवाय४ या प्रारूपाचा दाब-घनतेचा तक्ता घ्या, मात्र बीटा समतोलातलाच (न्यूट्रॉन, प्रोटॉन, इलेक्ट्रॉन यांचं प्रमाण स्थिरावलेला). क्वार्कांसाठी बॅग प्रारूप पुरतं; त्यात क्वार्क जणू एका पिशवीत मोकळे असतात आणि पिशवीचा आतला दाब म्हणजे बॅग स्थिरांक. अप, डाउन, स्ट्रेंज या तिन्ही प्रकारच्या क्वार्कांचं वस्तुमान शून्य धरलं, तर विद्युतभार आपोआप शून्य होतो आणि इलेक्ट्रॉन लागत नाहीत. मग

दाब = ३ × म्यू⁴ ÷ (४ × पाय²) − बॅग स्थिरांक

यातला म्यू हा क्वार्कचा रासायनिक विभव (आणखी एक कण घालायला लागणारी ऊर्जा), म्हणजे बॅरिऑनच्या विभवाचा एक तृतीयांश. सर्वाधिक चुका इथेच होतात, म्हणून आधी एक आकडा ताडून पाहा. बॅग स्थिरांकाचं चौथं मूळ १८० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट; स्थिरांक १३६.६ एमईव्ही प्रति घनफर्मी) आणि बॅरिऑन विभव १४०० एमईव्ही घेतला, तर दाब सुमारे ३३२ एमईव्ही प्रति घनफर्मी आणि घनता दर घनफर्मीला १.३४ बॅरिऑन यायला हवी. एमईव्ही⁴ वरून एमईव्ही प्रति घनफर्मीवर येताना १९७.३२७ (एमईव्ही-फर्मी) च्या घनाने भागायला विसरू नका.

आता दोन्ही दाब बॅरिऑन विभवासमोर एकाच आलेखावर काढा. जिचा दाब जास्त, ती अवस्था टिकते. रेषा छेदतात तिथे अवस्थांतर. छेदाजवळ क्वार्कची रेषा जास्त चढी हवी, कारण चढ म्हणजेच घनता. ती कमी चढी असेल तर तो छेद टाकून द्या. बॅग स्थिरांकाचं चौथं मूळ १६३ एमईव्हीच्या खाली नेलं, तर शून्य दाबालाच क्वार्क द्रव्य लोखंडापेक्षा स्थिर ठरतं आणि हा सांधा निरर्थक होतो.

ऊर्जाघनतेतली उडी छेदापाशी लगेच मोजा. छेदाखालच्या ऊर्जाघनतेचा अर्धा भाग आणि दाबाची दीडपट यांच्या बेरजेपेक्षा ती मोठी असेल, तर क्वार्क गाभा तयार होताच तारा अस्थिर होतो.

शेवटी टीओव्ही समीकरणं (ताऱ्याचं गुरुत्व आणि दाब यांचा समतोल सांगणारी) सोडवून कमाल वस्तुमान पाहा. जे०७४०+६६२० हा पल्सार (फिरता न्यूट्रॉन तारा) २.०८ ± ०.०७ सूर्यवस्तुमानांचा आहे; साधं बॅग प्रारूप बहुतेक वेळा इथे कमी पडतं. तेव्हा म्यू⁴ च्या पदाला ०.७ ने गुणा. दाब आणि ऊर्जाघनतेचं नातं यानं बदलत नाही, पण वरची १६३ ची मर्यादा १४९ वर येते. बॅग स्थिरांक कमी ठेवायला मिळाला की तारा जास्त वजन पेलतो.