परसातला हेमलॉक लोकरी किडीपासून कसा वाचवावा

अमेरिकेच्या पूर्व भागात राहत असाल आणि परसात हेमलॉक, म्हणजे सुईसारख्या पानांचा सदाहरित वृक्ष असेल, तर या हिवाळ्यात त्याच्या फांद्या उलटून बघाच. जपानमधून आलेली ‘हेमलॉक वूली अडेल्जिड’ ही माव्याच्या जातकुळीतली कीड १९५१ मध्ये व्हर्जिनियात रिचमंडजवळ सापडली. तेव्हापासून तिने जंगलंच्या जंगलं वाळवली आहेत. पूर्व अमेरिकेत तिच्या साऱ्या माद्याच असतात आणि नराविनाच अंडी घालतात. म्हणून एक जरी उरली तरी पुन्हा पसरते.

सुईसारखी पानं डहाळीला जिथे चिकटतात, तिथे खालच्या बाजूने बघा. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणासारखे कापसाचे बारीक ठिपके दिसले, तर तीच कीड. पानामागचे दोन पांढरे पट्टे मात्र मूळचेच असतात, त्यांना घाबरू नका.

सापडली तर थांबू नका. मुळाशी ओतलेलं औषध वर नेतो तो झाडाचाच रस, आणि अर्धंअधिक झाड वाळल्यावर ते काम नीट होत नाही.

झाड लहान असेल तर बागेसाठीचं तेल किंवा कीटकनाशक साबण फवारता येतो, पण डहाळ्या पूर्ण भिजायला हव्यात. मोठ्या झाडाला इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाची आळवणी करावी, म्हणजे ते बुंध्याशी मातीत ओतावं. कापूस पिकवणाऱ्यांना हे नाव ओळखीचं आहे. काही राज्यांत ते परवानाधारकाकडूनच घालून घ्यावं लागतं, आधी चौकशी करा.

जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाचा घेर मोजा, त्याला ३.१४ ने भागा. हा झाला व्यास. लेबलवरची मात्रा त्यावरच ठरते, अंदाजाने घालू नका. बुंध्यालगतचा पालापाचोळा बाजूला करा, ओलसर मातीत औषध ओता, पाला परत ओढून घ्या. वसंत किंवा शरद ऋतू बरा. गोठलेल्या, कोरड्याठाक किंवा पाणी साचलेल्या जमिनीत ओतू नका. ओढ्याकाठी स्वतः हात घालूच नका, जाणकाराला बोलवा. या ओढ्यांवरची हेमलॉकची गार सावली ब्रूक ट्राउट माशांना लागते, तिथेच विष सोडणं परवडणार नाही. खाली फुलझाडं असतील तर मधमाश्यांचाही विचार करा.

नत्रयुक्त खत अजिबात नको, त्याने कीडच पोसते. उन्हाळ्यात पाऊस ओढ देईल तेव्हा पाणी द्या. वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत किडीची पिल्लं पक्ष्यांच्या अंगावरून फिरतात, म्हणून तेवढे दिवस झाडाजवळचं दाण्याचं भांडं काढून ठेवा.

परिणाम दिसायला काही महिने, कधी वर्षही लागतं. कीड मेली तरी जुनी लोकर फांदीवर राहते. ती पाहून लगेच दुसरी मात्रा देऊ नका. शेंड्यांना नवी पोपटी पालवी फुटली, तर औषध लागू पडलंय.