विषाणूवर गॅडोलिनियम चढवताना

आमच्या पाषाणच्या लॅबमध्ये कुणी नवं आलं की मी आधी विचारते, तंबाखू मळता का? कारण आपण ज्याच्यापासून एमआरआयचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनच्या चित्रात जागा उठून दिसावी म्हणून वापरायचं द्रव्य, बनवतो, तो तंबाखूचा मोझॅक विषाणू वाळल्या तंबाखूतही टिकून राहतो. माणसाला तो लागत नाही, पण टोमॅटो-मिरचीला लागला तर त्यावर औषध नाही. नारायणगावच्या टोमॅटोवर किती घरं चालतात, ते आठवा आणि लॅबचा कोट घालून शेताकडे जाऊ नका. विषाणू काढून उरलेला पानांचा चोथा, ग्लोव्ह्ज, सगळं ऑटोक्लेव्ह करूनच, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करूनच बाहेर.

पानांतून विषाणू शुद्ध करायची कृती कुठल्याही प्रोटोकॉलमध्ये सापडेल. खरी गंमत पुढे आहे. हा विषाणू म्हणजे ३०० नॅनोमीटर लांब, १८ नॅनोमीटर जाड कांडी, मधून ४ नॅनोमीटरची पोकळी. कॉन्ट्रास्टचं काम करतो तो गॅडोलिनियम हा धातू. त्याला पकडून ठेवणारा रेणू सुटा असला की पाण्यात गरगर फिरतो. कांडीला बांधला की मंदावतो, शेजारचे पाण्याचे प्रोटॉन लवकर पूर्वस्थितीला येतात, टी१ (पूर्वस्थितीला यायला लागणारा वेळ) घटतो आणि चित्रात ती जागा उजळते. म्हणून जोडणी आखूड आणि ताठ ठेवा. लांब, लवचिक साखळीने बांधलात तर रेणू तिथेही फिरतच राहील, मग विषाणू घेऊन मिळवलं काय?

पोकळीत विषाणूच्या प्रथिनाची ग्लुटामिक आम्लं असतात; त्यांच्यावर ईडीसी या जोडणाऱ्या रसायनाने आधी अल्काइन हा रासायनिक गट बसवा. मग त्या अल्काइनला चटकन जोडणाऱ्या क्लिक अभिक्रियेने डोटामध्ये, म्हणजे धातूला घट्ट धरणाऱ्या रेणूत, पकडलेलं गॅडोलिनियम. त्यानंतर डायलिसिस, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यातून सुटे रेणू बाहेर काढणं, आणि इथे घाई अजिबात नको. डोटात न पकडलेलं, सुटं गॅडोलिनियम विषारी असतं. शिवाय ते नमुन्यात राहिलं तर तुमचा आकडाही खोटा. पीएच साधारण ५.८ ठेवून झायलेनॉल ऑरेंज या सुटा धातू ओळखणाऱ्या रंगाचा थेंब टाका: पिवळा रंग जांभळटाकडे झुकला की पुन्हा डायलिसिसला बसवा. ही चाचणी चुकवलेला नमुना मी स्कॅनरपर्यंत नेऊ देत नाही, मग कितीही उशीर होवो.

मोजताना गॅडोलिनियमची मात्रा आयसीपी-एमएसने (धातूचं प्रमाण मोजणारं यंत्र) काढा, अंदाजाने नाही. वेगवेगळ्या मात्रांचा १/टी१ आलेखावर मांडा, रेषेचा चढ म्हणजे रिलॅक्सिव्हिटी, कॉन्ट्रास्ट किती प्रभावी आहे त्याचा आकडा. तुलनेसाठी सोबत नुसता विषाणू आणि नुसतं गॅडोलिनियम-डोटा हवंच. वहीत तापमान आणि चुंबकाची ताकद लिहा. मंद फिरणाऱ्या कणांचा १.५ टेस्लावरचा आकडा ७ टेस्लावर बराच खाली येतो.