विमानाचं अंतर आणि वेळ बघताना कोल्हापूरकरांनो, या चुका टाळा

उजळाईवाडीच्या आपल्या विमानतळावरून विमानं सुटायला लागल्यापासून घराघरात एकच प्रश्न, किती तास लागतात? आणि मोबाईलवर पहिला जो आकडा दिसेल तो धरून लोक सगळा प्लॅन करतात, घोळ तिथंच होतो.

आधी अंतराचं बघू. कोल्हापूर ते मुंबई असं सर्च केलं की साधारण ३८० किमी येतात, पण ते हायवेचे. हवाई अंतर जवळपास ३०० किमी आहे. बेंगळुरूचं तसंच, रस्त्यानं सहाशेच्या वर आणि हवेतून साधारण ५३०. काही साइटवर आकडा नॉटिकल मैलात असतो, तो १.८५२ नं गुणला की किमी मिळतात, त्यामुळं मुंबईसमोर १६० च्या आसपास दिसलं तर दचकू नका.

आता हे अंतर स्पीडनं भागून वेळ काढायला जाल तर तेही चुकतं, कारण छोटं एटीआर विमान ताशी ५०० किमीच्या आसपास जातं आणि मोठं जेट ८०० च्या वर. शिवाय तिकिटावरची वेळ म्हणजे इथलं पार्किंग सोडल्यापासून तिथं पार्किंगला लागेपर्यंतची, त्यात रनवेपर्यंत जाणं आलं, मुंबईवर गर्दी असली तर घिरट्याही आल्या. म्हणून ३०० किमीलाही तासभर लावतात, ते बरोबरच आहे.

सगळ्यात जास्त फसतात ते दुबईला जाणारे. समजा मुंबईहून पहाटे ४ ला सुटून ५:४५ ला दुबई, असं तिकिटावर दिसलं, तर पावणेदोन तासात पोचलो असं वाटतं, पण दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात आणि दुबई आपल्या दीड तास मागं आहे, म्हणजे खरा प्रवास सव्वातीन तासांचा. येताना उलटं होतं, तीन तासांचा प्रवास कागदावर साडेचार तासांचा दिसतो. थंडीत वरचे पश्चिमेकडचे वारे जोरात असतात ते मागून ढकलतात, म्हणून येताना बहुतेक वेळा थोडं लवकर पोचतं.

आणि तारीख, ही नीट वाचा हो. मुंबईहून सुटणाऱ्या विमानाच्या तिकिटावर १५ तारीख ००:४० असेल तर ती १४ ची रात्र संपल्या संपल्याची वेळ आहे. परदेशी विमानाला तीन तास आधी पोचायचं म्हटलं की १४ ला रात्री पावणेदहाच्या आत एअरपोर्टवर पाहिजे, खंबाटकी घाट आणि पुढचं ट्रॅफिक धरून कोल्हापुरातून १४ ला सकाळी ११ पर्यंत गाडी सुटलीच पाहिजे. १४ ची रात्रीची ट्रॅव्हल्स बुक केलीत तर तुम्ही सकाळी मुंबईत उतराल तेव्हा विमान दुबईला पोचलेलं असेल, पैसे गेले ते गेले.

एअरपोर्टचं नावही बघा. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटतात. गोव्यातही दोन, मोपा आणि दाबोळी, सावंतवाडीवरून जाणाऱ्याला मोपाच जवळ.

मुंबईहून पुढचं विमान धरायचं असेल तर शक्यतो दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर घ्या. वेगवेगळी तिकिटं असली आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसरं तुमच्यासाठी थांबत नाही, बॅगाही परत घेऊन नव्यानं चेक-इन करायला लागतं, त्यामुळं मध्ये निदान चार तास तरी ठेवा.